केयूरला नोकरी लागते

माणसाची किंमत त्याच्या कर्मावरून ठरते, असं सगळी शास्त्रं एकमुखाने सांगतात. निर्मळ गावाच्या अलीकडच्या त्या आळीत मात्र ती सकाळी घराबाहेर पडताना माणसाच्या पायात काय आहे यावरून ठरे. चपला असल्या तर माणूस वाडीत निघाला. बूट असले तर नोकरीवर. तिसरा प्रकार नव्हता. नरहरी स्वतः उभा जन्म बूट घालून मुंबईच्या सरकारी कचेरीत गेले होते आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी चपला घालून केळींत शिरले होते. त्यामुळे या शास्त्राबद्दल त्यांना शंका यायचं कारण नव्हतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा केयूर गेली पाच वर्षं अनवाणी होता.

लॉकडाऊनमध्ये सगळी आळीच अनवाणी होती, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मग शेजारच्या स्टॅनीचा जेन्सन बूट घालून विमानतळावरच्या नोकरीला जाऊ लागला. समोरचा कल्पेश बँकेत जाऊ लागला. केयूर वरच्या खोलीत हाफपँटवर बसून राहिला. नरहरींनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं ऑफिस कधी उघडतंय?" तर तो म्हणाला, "जागाच सोडली त्यांनी, बाबा."

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नरहरी नव्हते. दाढेचं निमित्त काढून ते अंधेरीला जाऊन आले. केयूरच्या ऑफिसच्या जागी स्वयंपाकघराच्या फर्निचरचं दुकान थाटलं होतं. आत एक मुलगी कुणाला तरी धूर ओढणारी चिमणी चालवून दाखवत होती. नरहरींनी ती चिमणीही पाहून घेतली आणि परत आले. पोराने आपण होऊन सांगेपर्यंत विचारायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पोराने कधीच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. कंपनीने जागा सोडली होती, माणसं नाही. केयूरची नोकरी व्यवस्थित चालू होती.

पण बापाने एकदा समजून घ्यायचं ठरवलं की त्याला काहीही समजू शकतं. वरच्या खोलीतून दिवसभर इंग्रजी बोलणं ऐकू येई. नरहरींनी ओळखलं, मुलाखती चालल्यात. मधूनच केयूर "सॉरी, सॉरी" म्हणे; म्हणजे मुलाखती बऱ्या जात नव्हत्या. महिन्याच्या महिन्याला तो आईच्या हातात घरखर्च ठेवी. साठवलेलं मोडत असणार. मध्यंतरी तो पेढे घेऊन आला आणि प्रमोशन झालं म्हणाला, तेव्हा तर नरहरींनी आपला पेढा परत पुड्यात ठेवून दिला. आईबापाचं मन राखायला पोरगं कुठवर जातंय!

हे सगळं पोटात ठेवता आलं असतं. अडत होतं ते स्थळांपाशी. त्यांच्या पत्नीचा, प्रमोदिनीबाईंचा, चुलतभाऊ शांताराम दर वर्षी एखादं तरी स्थळ आणी, आणि मुलीचा बाप पहिला प्रश्न तोच विचारी: मुलगा कुठे असतो? "घरी" हे उत्तर तोंडातून निघत नव्हतं, आणि खोटं बोलून परक्याच्या मुलीला खड्ड्यात लोटणं नरहरींच्या स्वभावात नव्हतं. म्हणून एका वर्षी गुरुबळ नव्हतं. एका वर्षी मुलीकडची विहीर खारी निघाली. एकदा तर त्यांनी इतक्या लांबचं सुतक काढलं की गेलेला माणूस आपला कोण, हे कळायला प्रमोदिनीबाईंना दोन ठिकाणी फोन करावे लागले.

"ह्या घरात आता मुलाचं लग्न नको, साठीशांतच करू," त्या म्हणत. नरहरी ऐकून घेत.

आणि एका शुक्रवारी सकाळी केयूर पडलेल्या चेहऱ्याने चहाला खाली आला.

"बाबा, सोमवारपासून ऑफिसला जायचंय. गोरेगावला जागा घेतली त्यांनी."

नरहरींनी चहाची बशी खाली ठेवली. "परमनंट?"

"दिसतंय तसंच," केयूर म्हणाला. घरातलं कुणी गेल्यासारखा त्याचा आवाज होता.

नरहरी उठले. मागच्या वाडीत जाऊन एका केळीच्या आडोशाला उभे राहिले आणि उपरण्याने डोळे पुसून आले. मग बाजारात गेले. दुपारपर्यंत आळीतल्या प्रत्येक घरात पेढे पोचले होते.

"लागली?" स्टॅनीने गेटवरच त्यांना मिठी मारली. "मी बोललो होतो ना, नरूभाऊ! आमच्या रोझलिनने त्याच्यासाठी दोनदा नोव्हेना केला. नऊ-नऊ दिवस प्रार्थना!"

"दोनदा?"

"पहिल्या वेळी जेन्सनचंच प्रमोशन झालं. वरती पत्त्याचा काहीतरी घोटाळा झाला."

संध्याकाळी रोझलिनने कुंपणापलीकडून केयूरला हाक मारली. "काँग्रॅच्युलेशन्स, बाळा! आता मन लावून कर हां. सोडू नको."

"काय सोडू नको, आंटी?"

"नोकरी रे. इतक्या वर्षांनी लागली."

"आंटी, माझी नोकरी गेलीच नव्हती!"

"नव्हतीच, राजा, नव्हतीच," रोझलिन म्हणाली. तापात बडबडणाऱ्या माणसाशी बोलतात तसं ती बोलली आणि वर एक खारवलेल्या कैरीची बरणी त्याच्या हातात ठेवली.

केयूर बरणीसकट ओटीवर आला. "बाबा, तुम्ही आळीत काय सांगितलंत?"

"जे आहे ते. त्यात लाजायचं काय? जाते माणसाची नोकरी."

"अहो, पाच वर्षं कमावतोय मी!" त्याने मोबाईल काढला आणि पगार जमा झाल्याचे मेसेज एकामागून एक वर सरकवत राहिला. नरहरींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हे सगळं घरी बसून?"

"घरी बसून."

"हाफपँटवर?"

"हाफपँटवर, बाबा."

"आणि ते सॉरी, सॉरी?"

"ते नेट जायचं म्हणून!"

प्रमोदिनीबाई लसूण सोलत आतल्या दारात बसल्या होत्या. "मी वर चहा न्यायची की रोज. एकदा त्याच्या साहेबाने मला कॉम्प्युटरमधून नमस्कार केला. सज्जन आहे माणूस."

"तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? की अहो, आपल्या मुलाला नोकरी आहे?" त्यांचा लसूण सोलणारा हात थांबला. "एक मिनिट. म्हणजे ते गुरुबळ?"

नरहरींनी वर आढ्याकडे पाहिलं.

"आणि ती खारी विहीर?"

"मचूळ तर होतीच जराशी."

"आणि सुतक?"

"सुतक खोटं नव्हतं," नरहरी म्हणाले. "माणूस खरंच गेला होता. फक्त बराच आधी गेला होता."

त्या रात्री नरहरींना भाकरीबरोबर नुसता लसूण वाढला गेला. त्यांनी तो चवीने खाल्ला. पाच वर्षांपूर्वी छातीवर येऊन बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. पोराला नोकरी लागली हा एक आनंद, आणि ती कधी गेलीच नव्हती हा दुसरा. मूर्ख ठरल्याचं दुःख एकच होतं. मूर्खपणाची बातमी उद्या शांतारामपर्यंत जाणार हे दिसत होतं, म्हणून त्यांनी जेवण आटोपून स्वतःच त्याला फोन लावला.

"शांताराम, एखादं स्थळ आहे का रे?"

"आहे की, भाऊजी. पण तुमचं गुरुबळ?"

"आलं," नरहरी म्हणाले.

सोमवारी केयूर नवे बूट घालून निघाला. नरहरी त्याला सोडायला आळीच्या टोकापर्यंत गेले, तेही मुद्दाम सगळ्यात लांबच्या बाजूने. केयूरचे बूट चावत होते. नरहरी वाटेत भेटेल त्याला थांबवून वेळ विचारत होते.

स्थळ बोळिंजचं निघालं. मुलीचं नाव अनुष्का. वडील रत्नागिरीकडचे, आता निवृत्त, स्वतःचा फ्लॅट. पुढच्या रविवारी नरहरींकडची मंडळी तिथे पोचली. पोह्यांच्या आधीच मुलीच्या वडिलांनी अपेक्षित प्रश्न विचारला, "मुलगा कुठे असतो?"

"नोकरीवर!" नरहरी इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले की आत कुणाच्या तरी हातून चमचा पडला. "रोज बूट घालून जातो."

"बाबा, आठवड्यातून दोनच दिवस," केयूर हळूच म्हणाला.

नरहरींनी ते ऐकलं नाही. ते अनुष्काकडे वळले होते. "आणि तुझं ऑफिस कुठे, बाळ?"

"बंगळूरला."

"मग इथून येणं-जाणं कसं करतेस?"

अनुष्काच्या वडिलांची मान खाली गेली. ते घाईघाईने म्हणाले, "कंपनी मोठी आहे हो. नोकरी आहे तिला. म्हणजे, ती तसं सांगते."

नरहरींनी त्या माणसाकडे नीट पाहिलं. मग उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याचा हात हातात घेतला.

"आहे, आहे," ते म्हणाले. "मेसेज बघून घ्या मोबाईलवर. सगळं असतं त्यात."

लग्न मार्गशीर्षात झालं. अनुष्काने आपलं ऑफिस अजून पाहिलेलं नाही.