अम्माच्या अर्ध्या ओव्या

हळदीला कुठली गाणी लावायची, असं हॉलच्या सजावटीचं काम घेतलेल्या प्रतिक्षानं फोनवर विचारलं, तेव्हा मेहजबीन सहज बोलून गेली, "आमच्यात लावत नाहीत, तोंडानं म्हणतात." फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, आता म्हणणार कोण? जात्यावर हळद दळताना ओव्या म्हणायची ती तिची अम्मा, करिमा. तिला जाऊन वर्ष झालं होतं. मेहजबीननं आठवून पाहिलं. चाल आठवली, शब्द एकही धड आठवेना.

लेकीच्या, रुक्सारच्या हळदीला आठ दिवस होते. बारामतीच्या फ्लॅटात मेहजबीनचा पाय एका जागी ठरेना. चहा ठेवला की उतू जाई. कपाट उघडायची आणि कशासाठी उघडलं तेच विसरायची. नवरा मुजफ्फर म्हणाला, "मोबाईलवर शंभर गाणी मिळतात." पुण्याची नोकरी सोडून घरी आलेल्या रुक्सारनं तर हसण्यावारीच नेलं. "मम्मी, ओव्या ऐकणार कोण?"

मेहजबीनला ते लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळीच ती इंदापूरच्या एस्टीत बसली.

तिचं माहेर वरकुटे. वडिलांचा पानमळा होता, आणि बांधापलीकडची बनाबाई ही अम्माची जात्यावरची जोडीदारीण. हळद हिंदूच्या घरची असो की मुसलमानाच्या, गावात जात्याला याच दोघी बसायच्या. निमगाव केतकीला उतरून वडाप जीपमध्ये बसेपर्यंत मेहजबीनच्या मनात एकच घोळत होतं, तीही विसरली असेल तर?

बनाबाई ओसरीवर शेंगा मोडत होती. चपला काढायच्या आधीच मेहजबीननं विचारलं, "मावशी, अम्माच्या वव्या येत्यात का तुला?"

"बस तर खरी. पाणी पी."

"येत्यात का?"

बनाबाईनं सूप बाजूला सारलं. "नुसत्या तोंडानं न्हाय यायच्या, बाई. हाताला जात्याचा खुंटा लागतो."

मग न्हाणीशेजारी पडलेलं जातं दोघींनी ओढून काढलं, धुतलं, मूठभर ज्वारी घातली. मेहजबीन अम्माच्या जागी बसली. जातं घरघरलं आणि बनाबाईचा बारीक, पण सुरातला आवाज निघाला,

"लेकीच्या अंगाला पानमळ्याचा वास..."

"आणि पुढं?"

"पुढचं न्हाय, मागचं. पहिली वळ करिमा काढायची, मी जोड द्यायची. चाळीस वर्सं तसंच चाललं. तिची अर्धी मला कशी यील? ती व्हती तवर गरजच पडली न्हाय."

मेहजबीनला स्वतःचाच राग आला. या जात्याशेजारी लोळत आपण मोठ्या झालो, तेव्हा कान कुठं होते? उठून जावंसं वाटलं, पण हात फिरतच राहिला. पाच-सहा फेरे झाले असतील, आणि तिच्या तोंडून आपसूक आलं,

"हळद दळिती, जात्याला पिवळा घास..."

बनाबाईनं डोळे मिटून जोड दिली. बनाबाईला तेरा ओव्यांची जोड येत होती, दुपारपर्यंत त्यातल्या सात जुळल्या. सहा काही केल्या जुळल्या नाहीत.

हळदीच्या दिवशी बनाबाईला बारामतीला आणलं. हॉलवाल्यानं ठेवलेलं जातं रंगवलेलं, शोभेचं. पण फिरत होतं. पुण्याच्या पाहुण्यांनी मोबाईल वर धरले. सात ओव्या नीट पार पडल्या. मेहजबीननं खुंट्यावरचा हात काढला, पण रंगात आलेल्या बनाबाईनं सवयीनं आठवीची जोड म्हणून टाकली,

"सासरच्या वाटंला मागं वळून बघू किती..."

आणि ती मेहजबीनकडं बघायला लागली. पहिली ओळ मेहजबीनजवळ नव्हतीच. जात्याचे दोन फेरे मुके गेले.

तेवढ्यात पाटावर बसलेली रुक्सार हळदीनं भरलेले हात तसेच धरून, जराशी अडखळत, त्याच चालीत म्हणाली,

"पुण्याच्या एस्टीला खिडकीची जागा व्हती..."

बाया खळखळून हसल्या. बनाबाईनं हसत हसत जोड पुन्हा दिली, "सासरच्या वाटंला मागं वळून बघू किती." या वेळी मात्र रुक्सारनं मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळलं तसं हसणंही थांबलं. मेहजबीननं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

ओवी छान जुळली होती. पण अम्माची ओळ कुठली होती, हे काही तिला स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी बनाबाईला गाडीत बसवताना तिनं पुन्हा तोच विषय काढला.

"प्रयागबाईला इचार," बनाबाई म्हणाली. "लोणी भापकरला लेकीकडं असती. करिमाला वव्या शिकवल्या त्या तिनंच. नव्वदीला आलीया, पर जीभ शाबूत हाय."

"आधी का न्हाय सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठं?"

दुसऱ्या दिवशी निकाह झाला, पाठवणी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी तशीच मोरीत टाकून मेहजबीन लोणी भापकरच्या एस्टीत जाऊन बसली. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. तेवढाही तिला दम निघेना.