दिवाणखान्यातलं अस्वल

माणूस जगात कुठेही हरवेल, पण स्वतःच्या घरात हरवणार नाही, असं भारदस्त वाक्य टाइप करून लेखकाने पूर्णविराम दिला आणि पुढच्याच मिनिटाला तो एका भिंतीत अडकला. भिंत पडद्यावरची होती. एका मासिकाने आभासी जगांवर लेख मागितला होता. त्याची सुरुवात, शेवट आणि मधला समाजाला द्यायचा इशारा असं सगळं तयार होतं. फक्त असल्या एकाही जगात त्याने अजून पाय ठेवला नव्हता. “एकदा आत जाऊन या,” असं संपादक फोनवर म्हणाले होते, रक्त तपासून या म्हणावं तसं.

म्हणून भर दुपारी, खोलीचं दार लावून, मुलीने मागे ठेवलेले माइकवाले हेडफोन कानांवर चढवून तो बसला होता. त्या जगाने त्याला न विचारताच अस्वलाचं डोकं असलेला एक धिप्पाड, अनवाणी देह दिला होता. तो बदलता येतो म्हणे. याला आला नाही.

भिंतीतून सुटका झाल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यात पाटी उघडली: ‘तुमच्या जवळची घरं’. त्याने पहिलंच घर निवडलं. अस्वल एका दारासमोर जाऊन उभं राहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ते आत शिरलं.

आतली खुर्ची त्याच्या ओळखीची निघाली.

आधी त्याला गंमत वाटली. निळ्या पाठीच्या खुर्च्या दुकानात ढिगाने मिळतात. पण डाव्या हाताला तपकिरी चिकटपट्टी गुंडाळलेली मिळत नाही. ती पट्टी त्याने स्वतः गुंडाळली होती. मग खिडकीचा अर्ध्यावर अडकणारा पडदा दिसला. फ्रिजवर उभी ठेवलेली टॉर्च दिसली. न्हाणीघराच्या दारापुढे फरशीवर उमटलेली अर्धगोल रेघसुद्धा होती. ते दार खाली घासत होतं आणि दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे होतं, बऱ्याच वर्षांपासून.

म्हणजे कुणीतरी आपल्या घरात फिरून गेलं होतं. घाईघाईने नाही, निवांत, एकेक वस्तू डोळ्यांत साठवत. कोण? नळ दुरुस्त करायला आलेला? मीटर बघायला येतो तो? ‘आपल्यावर कुणाची नजर आहे हे आपल्याला कळतही नाही’, असं त्याने लेखात सकाळीच लिहिलं होतं, आणि जरा भडक होतंय म्हणून खोडलंही होतं.

अस्वलाने आतल्या खोलीचं दार ढकललं.

खोली त्याची होती. खिडकीचा वाकलेला गज तोच, भिंतीवरचा ओलीचा डागही तोच. टेबल मात्र नव्हतं. पुस्तकं नव्हती, दिवा नव्हता. या क्षणी तो जिथे बसला होता, तिथे मोकळी फरशी होती, पुसून घेतल्यासारखी.

त्याने खरं टेबल हाताने चाचपून पाहिलं. ज्याने हे घर उभारलं त्याला दारापुढची रेघ दिसली होती, मग एवढं टेबल कसं दिसलं नाही? की आपलं पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक होतं? हेडफोनमध्ये कुणीतरी धापा टाकत होतं. तो स्वतःच होता, हे कळायला त्याला वेळ लागला.

मागे दोन आकृत्या येऊन उभ्या राहिल्या. एक लाल केसांची, एक भलीमोठी हॅट घातलेली.

“थांब,” हॅटवाली चिरक्या आवाजात ओरडली. “आत कुणीतरी आहे!”

आणि तेच शब्द, किंचित मागाहून, खऱ्या भिंतीपलीकडून आले. स्वयंपाकघरातून.

बाहेर पावलं वाजली. खोलीचं दार, जे लिखाण चालू असताना कुणी वाजवतही नसे, धाडकन उघडलं. दारात बायको उभी होती. हातात फोन, चेहरा पांढराफटक.

“अहो, उठा आधी. आमच्या घरात कुणीतरी शिरलंय.”

“आपल्या घरात,” तो कसाबसा म्हणाला.

“नाही हो, आमच्या. हा बघा मेला, अस्वलाच्या तोंडाचा. बोलत नाही, चालत नाही, नुसता उभा राहून श्वास घेतोय!”

फोनमधून नोकरीच्या गावी राहणाऱ्या मुलीचा आवाज आला, “आई, बाबांना बोलाव ना लवकर!”

त्याने हेडफोन काढले. मग एक बटण दाबलं. फोनमधलं अस्वल हळूच वळलं.

बायकोने फोनकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तुम्ही?”

“लेखासाठी.”

“आई? काय झालं? आले का बाबा?”

“आलेत,” बायको म्हणाली. “मघापासून आलेत.”

ती पलंगाच्या कडेला टेकली. “इथे तुमचं लिहिणं चालू असतं. आवाज चालत नाही. मग आम्ही दोघी दुपारच्या तिकडे बसतो. ती यायची असली की मी दार लोटून ठेवते.”

“छान केलंय घर.”

“तिनेच केलं. मी सांगत गेले.”

त्याचा हात अजून टेबलावरच होता. शक्य तितक्या सहज आवाजात त्याने विचारलं, “माझं टेबल नाही ठेवलंत ते?”

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती विचार करू लागली, आणि तेवढ्या वेळात त्याला मघापेक्षा जास्त भीती वाटली.

“फुकटच्या घरात ठराविकच सामान मांडू देतात,” ती म्हणाली. “शेवटी एकाच वस्तूची जागा उरली. तुमचं टेबल की चपलांचं कपाट, असं झालं.”

“दाराशी पसारा बरा दिसत नाही, बाबा,” मुलगी फोनमधून म्हणाली.

त्याने पडद्याकडे पाहिलं. दाराशेजारी कपाट होतं, हुबेहूब, मधल्या फळीला बाक आलेलं. रिकामं. अस्वलासकट त्या जगात कुणीच चपला घालत नव्हतं.