माझं मिठाशी जमत नाही

मी एक पांढरी पावडर आहे. म्हणजे कोरडी असेपर्यंत पावडर आहे. पाण्यात पडल्यावर माझं काय होतं, ते पाण्यावर, हातावर आणि कधी कधी निव्वळ नशिबावर ठरतं. एकदा मी दह्यासारखी घट्ट होते, तर एकदा पेजेसारखी पातळ. आपण नक्की कोण आहोत हेच ठाऊक नसताना स्वतःची कहाणी सांगायला बसायचं, म्हणजे पंचाईतच. पण माझ्याबद्दल दुसरं कुणी काही बोलेल असं दिसत नाही, म्हणून म्हटलं आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. मी झाडावर लागत नाही, खाणीत सापडत नाही, माणसानंच रसायनं एकत्र आणून मला घडवलं, एवढं मला माहीत आहे. अंगानं मी फार हलकी. पिंपाचं झाकण काढलं की उडते, नाकात जाते आणि माणसं शिंकत शिंकत मला शिव्या घालतात. पिंपावर माझं लांबलचक इंग्रजी नाव छापलेलं होतं. तारापूरच्या एमआयडीसीत पोचल्यावर ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तिथं मी जेलवाली पावडर झाले.

ती एक छोटीशी कंपनी होती. चेहऱ्याची क्रीम, केसांचं जेल, असलं काहीबाही तिथं बनायचं. मला पाण्यात मिसळायचं काम चंद्रभानकडे होतं. तो उत्तरेकडून बोईसरला पोटापाण्यासाठी आलेला. पाणी ढवळत ठेवायचा आणि मला चाळणीतून थोडी थोडी भुरभुरायचा. घाई केली की माझ्या गाठी होतात, वरून ओल्या आणि आतून कोरड्या ठणठणीत. नीट भिजले तरी मी नुसतं आंबटसर, गढूळ पाणीच. मग तो एका बाटलीतून दाटपणाच्या औषधाचे थेंब टाकायचा आणि बघता बघता मी घट्ट, नितळ होऊन बसायची. हे कसं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्याच अंगात होतं आणि मलाच कळत नाही, काय बोलावं!

पॅकिंगला पुष्पलता होती. किनाऱ्यावरच्या मुरबे गावची सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सकाळच्या एसटीनं यायची, बरण्यांना झाकणं लावायची, लेबलं चिकटवायची. दुपारी डबा खाल्ला की मिक्सरपाशी येऊन उभी राहायची आणि माझं घट्ट होणं बघत बसायची. बाकी कुणाला त्याचं काही वाटत नसे. तिला मात्र दर वेळी नवल वाटायचं, आणि त्यामुळे ती मला आवडायची.

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात एका पिंपाला ओल लागली आणि माझे खडे झाले. साहेबांनी पिंप फेकायला सांगितलं. पुष्पलतानं त्यांना विचारून त्यातली पिशवीभर मला आणि औषधाची छोटी बाटली मागून घेतली.

"क्या करेगी इसका?" चंद्रभाननं विचारलं.

"सासूच्या हातासाठी," ती म्हणाली. "बनाके बघती."

खरी गोष्ट अशी होती, की पुष्पलताची नोकरी सुटायला आली होती. तिचा नवरा दामू होडीवर जायचा. सासू नर्मदा मासळी खारवायची. मासा चिरायचा, त्यात मूठमूठ मीठ भरायचं, थरावर थर रचायचे, असं तिचं आयुष्य गेलेलं. आता तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत मीठ गेलं की ती दातांवर दात आवळायची. पावसाळ्यात होड्या बंद असल्या, तरी खारी मासळी उलटपालट करायची असेच, त्यामुळे भेगा भरायला उसंत नव्हती. तिनं सुनेला सांगून ठेवलं होतं, "नारली पुनव झाली का होड्या सुटतील. मंग कंपनी बंद, तू मिठाला बसायचा. माज्या हातानं आता व्हत नाय." दामू दोघींच्या मधे बसून मुकाट जेवायचा. पुष्पलताला वाटलं, सासूचे हात बरे झाले तर आपली कंपनी वाचेल. आता सगळी मदार माझ्यावर होती, आणि माझ्यासारखीवर मदार ठेवणं किती धोक्याचं, हे त्या पोरीला कुठं ठाऊक होतं?

सुट्टीच्या दिवशी तिनं घरच्या विहिरीचं पाणी पातेल्यात घेतलं. मुरब्यातलं पाणी मचूळ, तिथल्या माणसांना त्याची चव जाणवतही नाही. माझे खडे वाटून तिनं मला अगदी चंद्रभानसारखंच भुरभुरलं, भिजवलं, थेंब टाकले. मी जोर लावला. खरंच लावला! पण अंगात दमच येईना. पातेल्यात पातळ, लिबलिबीत काहीतरी हिंदकळत राहिलं.

शेजारची तानी बघायला आली होती. तिनं पळीनं मला वर उचललं आणि सोडून दिलं. "अगो, हा तर शेंबूड!" असं म्हणून ती पोट धरून हसली. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नर्मदा मात्र हसली नाही. तिनं गंभीरपणे पातेल्यात पाहिलं. मऊ मासा घट्ट करायचा तर काय करतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि पुष्पलता हां हां म्हणेपर्यंत तिनं मूठभर मीठ माझ्यात टाकलं. "मिठानं दाढा मासा आवळतो, घोळ आवळते. हा काय मोठा लागून गेलाय?"

मिठाचा पहिला खडा विरघळला आणि माझ्या अंगातली उरलीसुरली ताकद निघून गेली. दुखलं नाही. नुसतं वाटलं, आता आपण कुणीच नाही. पातेल्यात निव्वळ पाणी उरलं. तिघी जणी त्याकडे बघत राहिल्या. पुष्पलतानं ते परसात ओतलं आणि विहिरीशी जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी चंद्रभान कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अरे, नमक डाला? नमक तो इसका दुश्मन है! खारा पानी भी नहीं चलेगा." आणि कंपनीतलं शुद्ध पाणी त्यानं तिला डबाभर भरून दिलं. इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करून हे त्यानं मला एकदाही सांगितलं नव्हतं. आपला दुश्मन कोण, हेही मला असं दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

या वेळी पुष्पलतानं पातेलं लख्ख घासलं, कंपनीच्या पाण्यानं विसळलं आणि सासूला ताकीद दिली, "आये, मिठाचा हात लावू नको. मीठ लागलं का ह्याचा पानी व्हते." नर्मदा पदराखाली हात घेऊन लांब बसली. मी भिजले, थेंब पडले, आणि मी अशी काही जमले की काय सांगू! चमचा उभा केला तर उभा राहिला. तानी आली, तिनं बोट बुडवून पाहिलं, गालाला लावलं आणि आळीतल्या चार जणींना हाका मारून आणलं. सगळ्यांनी मला हात लावून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

"आता तू, आये," पुष्पलता म्हणाली.

नर्मदा उठली. साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, नखांच्या कडा घासल्या. मग डब्यात उरलेलं कंपनीचं पाणी हातांवर ओतून घेतलं. कोरड्या फडक्यानं पुसले आणि सुनेपुढे धरले. त्या हातांवर मिठाचा कण दिसत नव्हता. पुष्पलतानं माझा चांगला लिंबाएवढा गोळा तिच्या तळहातावर ठेवला.

आणि मी वितळले.

नर्मदानं हात अजून चोळलाही नव्हता. मी भेगांत उतरले आणि तिथं, त्या हातांच्या आत, मला मीठ भेटलं. किती वर्षांचं ते देव जाणे. माझं पाणी होऊन ते तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तानीचं तोंड उघडंच राहिलं. पुष्पलताच्या हातातला चमचा खाली पडला. मला तर काहीच सुधरेना. मघाशी चार जणींच्या हातांवर टिकले, मग हिच्याच हातावर का नाही?

"धुतलं व्हतं ना, आये?" पुष्पलतानं विचारलं.

"धुतलं व्हतं," नर्मदा म्हणाली. ती आपल्या ओल्या हाताकडे बघत होती. "मीठ वरती नाय, पुष्पे. आत हाय."

 मग नर्मदानं सुनेचा हात ओढून घेतला, उलटा केला, तळव्यावर अंगठा फिरवून पाहिला. माझा थोडा गोळा उचलून त्यावर ठेवला. मी टिकले. नर्मदा त्या गोळ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"पुनवेला तू कंपनीत जायचा," ती म्हणाली. "मिठाला नाय बसायचा."

"आन् तू?"

"माज्या हातांचा काय आता. चिंध्या बांधीन."

पुष्पलतानं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. मी गोंधळून गेले. माझी फजिती झाली आणि हिची नोकरी वाचली. मी जिंकले असते तर काय झालं असतं, याचा विचार केला की माझं डोकं, म्हणजे जे काही असेल ते, गरगरतं.

पौर्णिमेला नारळ समुद्रात सोडला, होड्या सुटल्या आणि पुष्पलता एसटीनं कंपनीत जात राहिली. सासूसाठी तिनं मग मेण आणि खोबरेल कढवून मलम केलं. त्यात माझा काही संबंध नाही. ते नर्मदाच्या हातांवर बरं बसतं म्हणे. बसो बापडं.

मी फडताळात एका बरणीत आहे. रोज सकाळी पुष्पलता निघायच्या आधी नर्मदा बरणी उघडते आणि माझा वाटाण्याएवढा गोळा सुनेच्या तळव्यावर ठेवते. दोघी त्याच्याकडे बघतात.

"ऱ्हायला का?"

"ऱ्हायला, आये."

मग नर्मदा बोटांना चिंध्या गुंडाळते आणि मिठाच्या कामाला जाते. जाताना तिचा चेहरा खूश असतो. जे औषध आपल्याला लागू पडलं नाही, ते दुसरीच्या हातावर टिकलं म्हणून कुणी इतकं खूश होतं का? माणसांचं मला कळत नाही. स्वतःचं तरी कुठं कळतं?

पण बाबांनो, एक विनंती आहे. बरणीचा तळ दिसू लागलाय, आणि आता नवं पिंप भिजलं नाही तर फुकट कोण देणार? तुमच्यापैकी कुणाकडे माझ्या जातीची थोडी पावडर पडून असेल, तर मुरब्याला नर्मदाकडे पोचवा. मी संपले तर रोज सकाळी सुनेच्या हातावर ती काय ठेवून बघणार?