देव की वजनाचा पत्रा?

अहो, चपला काढू नका! मी देव नाही. म्हणजे, बहुतेक नसावा. मी बोलतोय, भांडगावच्या डांबरी रस्त्यात बसवलेला लोखंडी पत्रा.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर पुण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटाखाली स्प्रिंगा आहेत. चाक माझ्यावरून गेलं की कडेच्या पेटीतली सुई कागदावर रेघ ओढते. जितकं ओझं जड, तितकी रेघ उंच. जादा माल लादलेले ट्रक कोणत्या वेळी येतात हे त्या रेघांवरून ओळखायचं आणि नेमकी तेव्हाच तपासणीची गाडी उभी करायची, असा रस्ते खात्याच्या सर्जेराव साहेबांचा बेत. मला तो पटला होता.

पण गंज चढू नये म्हणून कारखान्यात मला शेंदरी रंग फासला होता. तिथेच घोळ झाला.

रस्त्याला लागून अनसाबाईचं एका खोलीचं घर. वाळूचे ट्रक धडधडत गेले की घराची भिंत हादरायची. भिंतीला उभी चीर पडलेली, आणि त्याच भिंतीशी तिची बाळंतीण सून म्हाळसा बाळाला घेऊन निजलेली. दुसरीकडे खाट टाकायला जागाच नव्हती.

एका सकाळी अनसाबाईने मला पाहिलं. रस्त्यात शेंदरी काहीतरी उगवलेलं! तिने हात जोडले, वर आणखी शेंदूर लावला, नारळ फोडला. "देवा, ह्या गाड्यांचं वझं कमी कर रे. माझी भिंत राहू दे."

मी चक्रावलो. माझं कामच तर ती मागत होती! मग मी देव झालो का?

पुढे भलतंच घडलं. ट्रकवाले मला पाहून हात जोडायचे आणि देवावर चाक नको म्हणून गाडी खाली मातीत उतरवायचे, अनसाबाईच्या भिंतीला अगदी खेटून. चीर रुंदावत चालली. माझ्यावरून जायची ती मेंढरं. साहेबांच्या जीपचा ड्रायव्हरसुद्धा मला वळसा घालायचा. साहेब आत कागद वाचत बसलेले.

"वजनच नाही या रस्त्यावर," एके दिवशी माझ्या बुटक्या रेघा पाहून साहेब म्हणाले. "उद्या काढा हा पत्रा."

रस्त्यावर काम करणारा बन्सी तिथेच होता. त्याने सांगून पाहिलं, पण जीप निघूनही गेली. तो तसाच अनसाबाईकडे गेला.

"मावशी, ह्यो देव न्हाई. वजन वळखायचं यंत्र हाय. गाड्या वरनं गेल्या तरच साहेबाला कळंल."

"मंग सांग की त्या ड्रायव्हरांना."

"सांगितलं. मला म्हणत्यात, तुम्ही बौद्ध लोकं, तुम्हाला देवाचं काय कळणार? शेंदूर तुम्ही लावलाय मावशी. पाय बी तुम्हीच ठेवा."

अनसाबाईने वळून माझ्यावरच्या शेंदराकडे पाहिलं. तेवढ्यात आत बाळ रडलं आणि भिंतीची माती भुरभुर खाली आली.

ती उठली, पायात चपला घातल्या, आणि माझ्यावर येऊन उभी राहिली. समोर वाळूचा ट्रक थांबला.

"आजी, देवावर पाय?"

"देव न्हाई ह्यो! आन् असला तर माझा हाय, त्याचं मी बघते. आण गाडी वरनं!"

ती बाजूला झाली. ट्रक आला. बाप रे, काय ते ओझं! माझ्या स्प्रिंगा कण्हल्या आणि सुई कागदाच्या टोकाला जाऊन आपटली. मला इतकं कधी दुखलं नव्हतं, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. त्याच्यामागे दुसरा ट्रकही वरूनच आला.

दुसऱ्या दिवशी मला उपटायला आलेले साहेब तो कागद पाहून खालीच बसले. मग रेघांच्या वेळा धरून तपासणीची गाडी येऊ लागली. जादा वाळू जागेवर उतरवायला लावायचे. हळूहळू गाड्या हलक्या झाल्या. बन्सीने चीर चिखलाने लिंपून दिली. ती पुन्हा उघडली नाही.

आता माझा रंग चाकांनी घासून गेलाय. तरी अनसाबाई रोज सकाळी येते, चपला काढते, आणि चाक लागणार नाही अशा कोपऱ्यात शेंदराचं एक बोट लावते. "रागावू नको रे," म्हणते. कुणाला म्हणते, देवाला की पत्र्याला, मला अजून उमगलेलं नाही.

तेव्हा बाबांनो, भांडगावला आलात तर बेलाशक माझ्यावरून जा. तिचा कोपरा तेवढा सोडा.