केराबाईचं स्वतःचं मत

सहा वर्षांमागे केराबाईनं मत दिलं होतं, असं सरकारदप्तरी लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात केराबाई तेव्हा फलटणच्या माळावर मेंढरांमागं होती. वेळापूरच्या पलीकडं तिची वाडी. धनगरांची घरं पंधरा, आणि दिवाळी झाली की पंधराही घरांना कुलपं. गावकारभारी धोंडीराम तात्या मतदानाच्या दिवशी त्या कुलपांची मतं इमानेइतबारे टाकून मोकळा व्हायचा.

"म्या माळावर आन् माजं मत गावात! पाय फुटलं व्हय त्याला?" केराबाई तेव्हापासून भेटेल त्याला विचारायची.

सत्त्याहत्तर साली पुन्हा निवडणूक लागली तेव्हा त्यांचा तळ वैरागजवळ एका रानात होता. गेलं सबंध वर्ष जीपचा आवाज आला की तळावरचे बाप्ये नसबंदीच्या भीतीनं ओढ्यात पळत होते. दिल्ली वाटते तितकी लांब नसते, हे केराबाईला त्या वर्षानं शिकवलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच ती नवऱ्यापुढं उभी राहिली.

"अवो, मी गावाकडं निगाले. तात्याच्या आदी माजं मत मी टाकनार."

"एका मतानं काय व्हतंय?" मायाप्पा म्हणाला. "आन् हितं भाकरी कोन करनार?"

"तुमी," म्हणून ती निघालीसुद्धा.

एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि तिला हसूच फुटलं. जी वाट मेंढरांमागं पंधरा दिवस पुरायची, ती गाडीच्या काचेतून भराभरा मागं पळत होती. बार्शी गेली, कुर्डुवाडी गेली. प्रत्येक ओढा, प्रत्येक विहीर तिच्या ओळखीची. टेंभुर्णीच्या पुढं हिरवागार ऊस दिसला तशी तिनं कंडक्टरची बाही ओढली.

"ह्या रानात आमची मेंढरं चार रात्री बसली व्हती. त्या खतावर डुलतोय ह्यो!"

"मग उतरता का बघायला?" कंडक्टर म्हणाला. सगळी गाडी हसली आणि केराबाई सगळ्यांत मोठ्यानं. देश देश म्हणून पुढारी ओरडतात तो काय असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं तो पायांनी तुडवला होता आणि मेंढरांनी पिकवला होता. तिला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी वेळापूरहून चार कोस चालत ती वाडीच्या शाळेत पोचली, तर बायकांची रांग लागलेली. तिच्यापुढं दोघीच होत्या. टेबलाशी नव्या लुगड्यातली एक तरणी पोर मताची चिठ्ठी पुढं करत होती. सोलापूरहून निवडणुकीच्या कामावर आलेले रुद्रप्पा मास्तर यादी बघत होते.

"नाव?" मास्तरांनी पोरीला विचारलं.

"केराबाई."

"नवऱ्याचं?"

"मायाप्पा," पोर एका दमात म्हणाली.

"आगं ये, तू केराबाई, मग मी कोन?" केराबाई रांग सोडून पुढं घुसली.

धोंडीराम तात्याचा माणूस बाकावरून उठला. "मास्तर, ही फिरस्ती बाई. हिला कोन वळकतंय?"

मास्तरांनी केराबाईकडं पाहिलं. "बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

केराबाईनं ते लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर तीस वर्षांत धन्याचं नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. घरंदाज बाईनं ते घ्यायचं नसतं. ती खाली बघत उभी राहिली.

"बगा! नवऱ्याचं नावबी येईना," तात्याचा माणूस खिदळला.

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांच्या आईनंही कधी वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी एकवार, नवऱ्याचं नाव एका दमात घेणाऱ्या त्या पोरीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"नियम आहे, बाई," ते हळू म्हणाले. "सांगावं लागेल."

रांगेतली बाळाबाई पुढं झाली. बायकांची रीतच ती, एकीच्या नवऱ्याचं नाव दुसरीनं सांगायचं. "मी सांगते मास्तर, हिच्या मालकाचं नाव..."

"थांब बाळाबाई!" केराबाईनं तिचा हात धरला. "माजं मत दुसऱ्यानं टाकलं. आता माज्या धन्याचं नावबी दुसऱ्याच्या तोंडानं सांगू व्हय?"

तिनं डोईवरचा पदर नीट केला आणि माळावरून हाळी द्यावी तशा आवाजात म्हणाली, "मायाप्पा! मायाप्पा माज्या धन्याचं नाव!"

त्या पोरीनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तोंडाला पदर लावून ती बाहेर पडली.

"हीच केराबाई," बाळाबाई ठणकावून म्हणाली. "माज्या रानात हिची मेंढरं बसत्यात. कोन न्हाय म्हनतंय, बगू!"

मागच्या चारपाच बायकाही बोलू लागल्या. मास्तरांनी यादीवर खूण केली आणि केराबाईच्या बोटाला स्वतःच्या हातानं शाई लावली.

परत तळावर आली तेव्हा मायाप्पा करपलेली भाकरी उलटत होता. तिनं बोट पुढं केलं. त्यानं ते उन्हात धरून नीट पाहिलं.

"टाकलंस तर! कुनाला?"

"ते सांगायचं नसतं."

"बरं. आनि तात्या?"

"तात्या काय करतोय? मी तुमचं नाव घेतलं. समद्या गावाम्होरं, मोठ्यांदा."

मायाप्पाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग घसा खाकरून, बायकोकडं न बघता म्हणाला,

"पुन्यांदा घे की. मी कुटं ऐकलंय?"