सासूबाईंची चाल आणि खाणीचे ट्रक

डोंगरात दगडाची खाण निघणार आणि तिचे ट्रक आमच्या दारावरून जाणार, हे कळल्यापासून घरात एकच विषय होता. सासूबाईंनी रस्ता ओलांडायचा कसा?

त्यांची धाकटी बहीण बरोब्बर समोरच्या घरात राहते. दोघींचं पटत नाही. म्हणून सासूबाई रोज सकाळी तिकडे जातात आणि सविस्तर भांडून जेवायच्या वेळेला परत येतात.

"ट्रक सुरू झाले की मी सोडत जाईन गाडीनं," आमचे हे म्हणाले. समोरच्या घरी, गाडीनं. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते ताटातलं तसंच ठेवून उठले.

मग वाहतुकीचा अंदाज काढणारी मुलगी आली. माझ्या शिलाई मशीनच्या खिडकीखाली तिनं घडीची खुर्ची मांडली. पाणी दिल्यावर ती मला काकू म्हणायला लागली आणि मी प्रश्न विचारायला लागले.

"रोज किती दगड निघणार, त्याला एका ट्रकात मावेल तेवढ्यानं भागायचं," ती म्हणाली. "भरलेला ट्रक खाली येणार, तोच रिकामा वर जाणार, म्हणून दुप्पट. मग दोन ट्रकांच्या मध्ये रस्ता ओलांडायला पुरेशी फट उरते का, ते बघायचं. नसेल उरत, तर डोंगरामागचा रस्ता घ्यावा लागेल. तो लांब पडतो, कंपनीला नकोय."

"फट कुणाच्या चालीनं मोजणार?"

"इथे जो सगळ्यात सावकाश चालतो, त्याच्या."

मी निर्धास्त झाले. सासूबाईंइतकं सावकाश आमच्याकडे फक्त नळाला पाणी येतं.

पण झालं भलतंच. हातात घड्याळ घेतलेलं माणूस दिसलं की आमच्या रस्त्यावरच्या लोकांना परीक्षाच वाटते. एरवी कंबर धरून चालणारे रिटायर्ड पोस्टमास्तर छाती काढून तरातरा गेले. कोपऱ्यावरच्या आजोबांनी तर शेवटचं पाऊल उडी मारून टाकलं. आणि सासूबाई! काठी दाराआड ठेवून, ओठ घट्ट मिटून अशा निघाल्या, जणू पलीकडे बस सुटतेय. पोचल्यावर बहिणीच्या कठड्याला धरून त्यांनी बराच दम खाल्ला, पण आमच्याकडे पाठ करून.

"आजी ठणठणीत आहेत हो," मुलगी लिहिता लिहिता म्हणाली. "या हिशेबानं फट पुरते."

माझ्या बोटात सुई गेली.

दुपारी सासूबाई भाजी निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले.

"आई, आज फार छान चाललात."

"चालायला काय झालंय मला?"

"तेच तिनं लिहिलंय. म्हणून ट्रक येणार."

त्यांचे हात थांबले. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे आता लोकांसमोर लंगडत जाऊ?"

"लंगडायचं नाही. रोज जाता तसं जायचं."

"रोज कोण बघतं?"

"मी बघते की, खिडकीतून. पलीकडे पोचेपर्यंत मशीन बंदच असतं माझं."

त्यांनी पुन्हा एक जुडी हातात घेतली. मग म्हणाल्या, "कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?"

"नीट निवड. देठ राहतायत."

दुसऱ्या दिवशी त्या काठी घेऊन बाहेर पडल्या. अख्खा रस्ता बघत होता. डावा पाय आधी, मग उजव्याची समजूत घालून तो पुढे. जेमतेम मध्यावर आल्या, तोच बहीण पायरीवर आली.

"काल घोड्यासारखी आलीस. आज काय झालं?"

सासूबाई थांबल्या. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात काठीवर ठेवून. "काल खोटी चालले. गुडघा गेलाय माझा. आता सांग सगळ्यांना."

"मला काय नवीन सांगतेस? त्यासाठीच पायरीवर येते मी रोज."

"येतेस ती भांडायला."

"भांडते, पण हात धरते ना?"

तिथून विषय लहानपणावर गेला आणि आईचा जास्त जीव कुणावर होता, यावर अडकला. दोन सायकलवाले वळसा घालून गेले. दूधवाल्यानं टेम्पो बंद करून जांभई दिली.

मुलीनं घड्याळ थांबवलं नव्हतं. "काकू, हे रोज होतं?"

"रोज. परत येताना पण."

"मग हिशेबात धरावंच लागेल." पण ती मुलगी पक्की. खात्री करून घ्यायला आणखी काही दिवस येऊन बसली. खात्री झाली.

खाणीसाठी बोलावलेल्या सभेत अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवला गेला. पहिल्या रांगेतल्या सासूबाईंना आपली चाल ऐकताना मान खाली घालावीशी वाटत असणार, पण घातली नाही. कंपनीच्या साहेबांनी चष्मा वर सरकवला.

"चालण्याचं समजलं. पण मध्ये थांबून बोलण्याचा हा जो वेळ आहे, तो जरा कमी नाही का करता येणार?"

सासूबाई उठल्या. "तिला विचारा," त्या मागे बसलेल्या बहिणीकडे बघून म्हणाल्या. "जन्मभर सांगतेय, थोडक्यात बोलत जा."

"मी?" बहीणही उभी राहिली. "सुरुवात कोण करतं?"

अध्यक्षांनी दोनदा टेबल वाजवलं, मग नाद सोडला. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळाकडे बघितलं, दोघींकडे बघितलं आणि समोरच्या नकाशावर डोंगरामागच्या रस्त्यावरून मुकाट्यानं पेन्सिल फिरवली.