आबांचं मॉड्यूल

"चमचा," आबा स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. हा शब्द नव्हे. "चमचा... चमचा..."

"असू दे आबा, सावकाश," तिने लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी सरकवला.

ऐन तिशीत केस पिकले तेव्हापासून ऑफिसात सगळे त्यांना आबाच म्हणत. वेब सर्व्हरच्या पोटात स्क्रिप्ट चालवणारं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा भाग, त्यांनी एकट्याने लिहिलं होतं आणि तिला हाताला धरून कामही त्यांनीच शिकवलं होतं. मग पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, शब्द गेले. एवढा एक उरला. तहान लागली तरी चमचा, बायकोला हाक मारायची तरी चमचा.

आता मॉड्यूलमध्ये दोन नवे डायरेक्टिव्ह, म्हणजे सर्व्हरला द्यायच्या सूचना, घालायचे होते. स्क्रिप्टने किती वेळ चालावं आणि किती मेमरी खावी, हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिता यावं म्हणून. तिने ते घातले, सर्व्हरही विनातक्रार सुरू झाला. पण सर्व्हरवरच्या सगळ्या साइट्ससाठी म्हणून फाइलमध्ये वर लिहिलेली मर्यादा खाली एकाही साइटला लागू होईना. डोकं आपटून झालं, तेव्हा ती इथे, आबांच्या घरी आली.

"मी वाचते हं, तुम्ही ऐका."

ती त्यांचा जुना कोड मोठ्याने वाचू लागली. आबा पूर्वीसारखेच डोळे बारीक करून ऐकत होते. मध्येच त्यांनी एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं.

तिला कळलं. यातलं काहीच त्यांना ओळखू येत नव्हतं.

ती वाचत राहिली. थांबणं जास्त वाईट दिसलं असतं.

वाचता वाचता ते फंक्शन आलं: वरच्या मर्यादा आणि साइटच्या स्वतःच्या मर्यादा एकत्र करणारं. आबांचे सगळे डायरेक्टिव्ह तिथे होते, तिचे दोन नव्हते. तिने ते लिहिले, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि मुद्दाम कधीच न संपणारी स्क्रिप्ट चालवली. वेळ भरताच सर्व्हरने ती तोडली.

"सुटलं, आबा! तुम्ही नसतात तर बसले असते डोकं धरून."

आबा हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली.

ती निघाली तेव्हा वहिनी, आबांची बायको, दारापर्यंत आल्या. "खरंच त्यांनी सांगितलं?"

ती बुटांची नाडी बांधत राहिली. "शेजारी बसले होते ना."

"हं." वहिनींनी आवाज खाली आणला. "तू येणार म्हणून आज दाढी करू दिली. एरवी हात लावू देत नाहीत. पुन्हा अडलं की ये. आणि नाही अडलं तर... अडव गं काहीतरी."

"येते, वहिनी."

फाटकापाशी तिने मागे वळून पाहिलं. खिडकीतून दिसलं, वहिनी जेवणाचं ताट टेबलावर ठेवू पाहत होत्या आणि आबा डाव्या हाताने ते हळूच बाजूला सारत होते. लॅपटॉप होता तेवढी जागा त्यांनी पंजा पसरून मोकळी धरून ठेवली होती.